बाईंचं अक्षर

बोलायला मिळालेल्या दोन मिनिटांतलं पहिलं मिनिट संपलं, तरी बाई अजून आभार मानण्यातच होत्या.

"मावशी, मुद्द्यावर ये," भाची कानाशी पुटपुटली. पडद्यावरच्या पाच जणांची भाषा तिला येत होती, म्हणून आज ती दुभाषी. कापड बेतायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला होता आणि मागे अर्धवट शिवलेले कोट लटकत होते. दुकान शिंपी अप्पांचं, आणि बाईंच्या समाजाच्या संघटनेचे अध्यक्षही तेच. गळ्यातली टेप तशीच ठेवून ते दाराशी उभे होते, गिऱ्हाइकांना बाहेरच थोपवत.

जगभरातल्या अल्पसंख्याकांच्या तक्रारी ऐकायला एक अधिकारी नेमायचा होता. नाव पक्कं करण्याआधी ही पाच जणांची समिती ठिकठिकाणच्या संघटनांना विचारत होती, की उमेदवार तुम्हाला कसे वाटतात? उमेदवार तिघे उरले होते. त्यांतले एक म्हणजे जिल्ह्याचे जुने साहेब. सहा वर्षांपूर्वी बाईंची शाळा, त्यांच्या भाषेतली गावातली एकुलती एक शाळा, यांनीच बंद केली होती. शाळा बंद केल्याची तक्रार आता त्या मोठ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जायची होती. साहेब तिथे बसले, तर स्वतःविरुद्धची तक्रार तेच वाचणार. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं अप्पा आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला मापं घेता घेता ऐकवत होते.

बाई एकदाच्या मुद्द्यावर आल्या.

"छप्पन्न मुलं होती. साहेबांनी लिहिलं, ही भाषा घरी कुणी बोलतच नाही. एका घराची पायरी चढले नाहीत ते. कुलूप लावलं आणि किल्ली कचेरीत नेऊन ठेवली. अजून तिथंच आहे."

भाचीनं सांगितलं. समितीच्या प्रमुख चष्मा कपाळावर चढवून मनापासून ऐकत होत्या. मग त्यांनी पडद्यावर एक कागद आणला.

जाड, पिवळसर कागद. काळी शाई. टपोरं, गोल अक्षर, कुठे खाडाखोड नाही. हेच अक्षर बाईंनी तीस वर्षं फळ्यावर काढलं होतं, ते त्या ओळखणार नाहीत तर कोण?

'साहेबांनी आमच्या समाजाला पोटच्या लेकरांप्रमाणे सांभाळलं. असा अधिकारी पुन्हा होणे नाही.' खाली संघटनेचा शिक्का.

"साहेबांच्या अर्जासोबत आलंय," भाची सांगू लागली. "त्या म्हणतायत, तिघांपैकी एकाच उमेदवाराकडे अल्पसंख्याकांच्या संघटनेचं पत्र आहे. आणि ते आपलं आहे."

अप्पांनी गळ्यातली टेप काढली आणि परत घातली. पत्रावरची तारीख शाळेला कुलूप लागल्यानंतर तिसऱ्या आठवड्यातली होती.

"तुमच्यावर दबाव होता का?" प्रमुखांनी विचारलं. "कुणी धमकी दिली होती?"

हो म्हटलं असतं तर पत्र बाजूला ठेवता आलं असतं. प्रमुखांना बहुतेक तेच हवं होतं. "हो म्हण," भाची ओठ न हलवता म्हणाली. पण खोटं बोलणाऱ्या मुलांना जन्मभर बाकावर उभं केलेली बाई ती. आता स्वतः कुठे उभी राहणार?

"नाही," बाई म्हणाल्या. "कुणी मागितलंसुद्धा नव्हतं."

"मग लिहिलंत का?"

"साहेब बदलून चालले होते."

भाची मावशीकडे वळली. "मावशी, हे त्यांना कसं सांगू?"

"आहे तसं सांग. निरोपाला आम्ही सगळ्यांनाच पत्र देतो. चांगल्याला देतो, वाइटालाही देतो. जाता जाता साहेबाचं मन वळलं तर वळलं."

भाचीनं आहे तसं सांगितलं. पाच जण एकमेकांकडे पाहू लागले. एकानं काहीतरी टिपून घेतलं.

"म्हणजे संघटनेनं तेव्हा लिहिलं ते खरं धरायचं, की आज सांगताय ते?" प्रमुखांनी विचारलं, आणि घंटी वाजली. दोन मिनिटं संपली होती. प्रमुखांनी आभार मानले, संघटनांच्या मताला आमच्याकडे फार किंमत आहे म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही. भाचीनं लॅपटॉप मिटला. बाहेर कुणीतरी आपला कोट झाला का म्हणून विचारत होतं, त्याला अप्पांनी उद्या या म्हणून वाटेला लावलं. मग ते टेबलाशी आले आणि उगाच खडूचे तुकडे गोळा करू लागले.

"बाई, वेळ बरी नाही, पण सांगायला हवं. शनिवारी आत्ताच्या साहेबांचा निरोप समारंभ आहे."

बाईंनी वर पाहिलं.

"किल्लीसाठी तीन अर्ज दिले, तिन्ही वेळा 'बघू' म्हणाले. पण सही त्यांचीच लागते. शेवटच्या दिवशी माणूस जरा मऊ असतो."

त्यांनी खण उघडून जाड, पिवळसर कागद काढला आणि खडूची धूळ झटकून बाईंसमोर ठेवला.

"पोटच्या लेकरांप्रमाणे, हे मागच्यांना झालं," ते म्हणाले. "यांना जरा वेगळं काहीतरी घाला."

"मावशी, नको लिहूस," भाची म्हणाली. "उद्या हेही कुठेतरी अर्ज करतील."

"करतील," बाई म्हणाल्या. "पण किल्ली आज त्यांच्याकडे आहे."

त्यांनी डोळे पुसले, पेनाचं टोपण काढलं, आणि खाडाखोड होऊ नये म्हणून अगदी सावकाश लिहायला सुरुवात केली.