खंड्याचा पहिला धडा

कुत्र्यांच्या अडथळाशर्यतीत उतरवायचं म्हणून राजनंदिनीनं खंड्याकडून पहिला धडा घोटवून घेतला होता: बोगद्यासारखं काही दिसलं की बेधडक आत शिरायचं, बिस्किट मिळतं. बूड कापलेल्या ड्रममधून पिल्लू बाणासारखं सुटायचं. आज दिवस मावळताना ते उसालगत बिबट्यासाठी लावलेल्या पिंजऱ्यात तसंच शिरलं आणि दार धाडकन पडलं. तिच्यानं दार तसूभरही उचलवेना. खंड्या मात्र शेपूट हलवत तिच्या मुठीतल्या बिस्किटाकडं बघत बसला. तिनं रडतच वनरक्षकाला फोन लावला. "दादा, पिल्लू अडकलंय. बिबट्या आला तर?" "येऊ द्या की. गजांतून पंजा जात न्हाई त्याचा," तो निवांत म्हणाला आणि एकदम थबकला. "पर ताई, तुमी कुठं उभ्या हाय?" ती बोलणार तोच खंड्याची शेपूट थांबली. बिस्किट सोडून तो तिच्या पाठीमागच्या उसाकडं टक लावून बघत होता.