चौदावा प्रश्न

‘‘कळला न्हाई. परत वाचा,’’ सयाजी म्हणाला.

अश्विनीने पहिला प्रश्न तिसऱ्यांदा वाचला. घरातल्या माणसाची वाईट बातमी आली, तर ती आधी कुणाला सांगावी?

‘‘असं व्हय. मला सांगावी. पण हळू बोला. मंडळी आत हाय. काल पुत्रदा एकादशी, निर्जळी केली तिनं. सकाळी लाइट आली म्हणून कांद्याला पाणी धरायला गेली, ती आत्ता आलीया. अजून पारणं न्हाई.’’ मग घराकडे मान वळवून त्याने हाक दिली, ‘‘अगं, सर्व्हेच्या मॅडम हायत. कांद्याचं इचारत्यात. तू जेवून घे!’’

‘‘च्या टाकू का पावणीला?’’ साळुबाईने आतून विचारलं.

‘‘च्याचं मी बघतो. तू ताट घे!’’

अश्विनीने पहिल्या प्रश्नापुढे खूण केली. बातमीचं लष्करी पाकीट तिच्या पिशवीत, वहीच्या खाली होतं. सयाजीचा एकुलता एक मुलगा, लष्करातला नाईक गोरख, काल पहाटे राजस्थानच्या सरहद्दीवर मारला गेला होता. शवपेटी उद्या सकाळी इथे, महाळुंगे पडवळला पोचणार होती. त्याआधी या घराला कळायला हवं होतं, आणि ते काम या खेपेला प्रयोग म्हणून तिच्याकडे आलं होतं.

पुण्यातल्या संरक्षण धोरणाच्या एका संस्थेत ती चार वर्षं याच विषयाचा अभ्यास करत होती. ज्यांच्या दारात तार आली, अशा दोनशे बारा घरांच्या मुलाखती तिने कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या. त्यातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वर येत होती. माणसं बातमीने मोडत होतीच, पण ती कुठे, कधी आणि कुणाच्या तोंडून ऐकायची हे परक्याने ठरवलं, म्हणून जास्त मोडत होती. यावर तिने पद्धत बसवली. आधी साध्या पाहणीसारखे चौदा प्रश्न, मग घरच्यांनी सांगितलं तसंच सांगायचं. अट एकच होती. चौदाव्या प्रश्नाआधी समोरच्याला संशय येता कामा नये. एकतीस घरांत, जिथली मुलं सुखरूप होती तिथे, रंगीत तालीम झाली होती. बत्तिसावं घर खरं होतं.

‘‘जीप पाराजवळ का लावली?’’ सयाजीने विचारलं.

‘‘गल्ली अरुंद वाटली.’’

‘‘कांद्याचा ट्रक येतो की हितवर.’’ तो हसला. ‘‘बरं, म्होरचा वाचा.’’

बातमी कुणी सांगावी?

‘‘सरपंच नको. त्याला माइक दिल्याबगर बोलता येत न्हाई. बाईमाणूस असावं. आन् ‘धीर धरा’ म्हणू नये. आमी तोफखान्यात व्हतो, आमचा सायब कायम धीर धरा म्हणायचा आन् स्वतः खंदकात सगळ्यात आधी.’’ मग त्या साहेबाची, त्याच्या कुत्र्याची आणि कुत्र्याने पळवलेल्या बुटाची गोष्ट झाली. अश्विनीने थांबवलं नाही. घाई करायची नाही, हेही पद्धतीत होतं. तिने समासात लिहिलं : बोलका. संशय नाही.

कुठे सांगावी?

‘‘अंगणात. आतल्याला चार पावलं उशिरा कळावं.’’

नवव्या प्रश्नाला पावणेबारा झाले. आतून तव्यावर भाकरी टाकल्याचा वास आला. सयाजी मध्येच उठला, उंबऱ्यापर्यंत गेला, आत डोकावून परत आला.

‘‘ती गरम करून घेतीया. शिळी खायला काय झालं व्हतं हिला?’’ तो पुटपुटला. ‘‘हां. काय व्हतं?’’

अशा वेळी शेजाऱ्यांनी काय करावं?

‘‘भाकरी आणावी. घरात चूल पेटत न्हाई ना त्या दिशी. पर आणून काय उपेग? घशाखाली उतरतीया कुणाच्या? माझी आई गेली तवा ही चार दिस नुसत्या पाण्यावर व्हती. शेवटी मंचरला नेऊन सलाइन लावलं. तवा तरणी तरी व्हती.’’ त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. ‘‘लिवलं?’’

‘‘लिहिलं.’’

‘‘सावकाश लिवा. तुमचं माहेर कुठलं?’’

‘‘ओतूर.’’

‘‘मग आपल्यातल्याच की राव!’’ आणि ओतूरचा बाजार, तिथली मिसळ, तिथून आणलेला आणि पहिल्याच दिवशी पळून गेलेला बैल, सगळं निघालं. अश्विनी हसली. मग आपण हसलो, याचीच तिला लाज वाटली. समोरचा माणूस इतका निर्धास्त होता, की पिशवीतल्या पाकिटाचं वजन तिला मांडीवर जाणवत होतं. पद्धत चालली होती. अहवालात तिला तसंच लिहायचं होतं.

दहावा, अकरावा, बारावा झाला. प्रत्येक प्रश्न त्याने दोनदा वाचायला लावला. तेराव्याला सव्वाबारा वाजले.

आता एकच उरला होता : अशी बातमी आजच आली, तर ऐकायची तुमची तयारी आहे का? तो तिला पाठ होता. तरी तिने कागद डोळ्यांसमोर धरला. 

‘‘चौदावा,’’ ती म्हणाली.

सयाजीने हाताचा पंजा वर केला. आत ताटातच हात धुतल्याचा आवाज आला. मग मोरीत ताट ठेवल्याचा.

‘‘किती खाल्ल्यास गं?’’ त्याने विचारलं.

‘‘दीड भाकर. का वो?’’

‘‘काय न्हाई.’’

त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

‘‘तो प्रश्न ऱ्हाऊ द्या,’’ तो हळू म्हणाला. ‘‘जेवली ती. आता सांग पोरी, गोरखला कवा आणत्यात?’’