भरलेली वाटी

“जनावर जेवल्याबिगर आपण जेवायचं नाय,” हा बायकोचा नेम. ती वारल्यावर गारखेड्यातल्या घरात ना ती, ना जनावर; माझं जेवणच सुटलं. लेकीनं टॅब लावून दिला. त्यात जपानमधली शिबा जातीची कुत्री आणि तिची चार पिल्लं थेट दिसायची. पिल्लं वाटीवर तुटून पडली की मीही भाकरी मोडायचो. ती बाळसं धरत गेली आणि माझाही सदरा अंगाला बसू लागला. आज शेवटचं पिल्लू नव्या मालकाकडं गेलं. कुत्री भरल्या वाटीकडं पाठ करून पडली होती. माझंही ताट तसंच. लेकीचा फोन आला. “बाबा, जेवले का?” “तिनं अजून तोंड लावलं नाय.” “ती जपानात आहे!” “व्हय, पण लेकरं गेली तिची.” तेवढ्यात कुत्री उठून खाऊ लागली. “लई उपकार, बाई,” म्हणत मी घास घेतला. लेक म्हणाली, “आता मीही ताट घेते.”