नावाचं कडवं

“पाय जुळव,” स्तावरियानी म्हणाली.

पानागोसने पाय जुळवले. तिने पांढऱ्या फितीने त्याचे घोटे बांधले, मग मनगटं, आणि हनुवटीखालून रुमाल नेऊन डोक्यावर गाठ मारली. त्यांच्या डोंगरात मेलेल्या माणसाला असंच बांधतात. दोघंही एकाच गावची, कुणी शिकवायची गरज नव्हती.

“प्रेताने पोट आत घ्यावं,” खिडकीत बसलेला मिनास म्हणाला. “सकाळी किती पाव हाणलेस रे?”

“तू गप बस,” नाटक शिकवणाऱ्या थालियाबाई म्हणाल्या.

ग्रीसमधल्या कालामाता शहराच्या नाट्यशाळेतलं हे त्यांचं शेवटचं वर्ष. परीक्षेला बाईंनी शाळेच्या पुस्तकातली जुनी गोष्ट दिली होती, पोरापोराला ठाऊक असलेली. एक आई मारल्या गेलेल्या मुलाच्या उशाशी बसून विलाप गाते. मारणाऱ्याचं नाव तिच्या ओठांवर येतं, आणि तिथेच लेखकाने गोष्ट सोडून दिलीय. ते नाव या मुलांनी शोधायचं होतं. कागदावर नाही, करता करता, सुचेल तसं. टाळी वाजेपर्यंत कुणी थांबायचं नाही.

प्रेत खरं तर मिनास होणार होता. पण सकाळी दालनाच्या दाराशी स्तावरियानी म्हणाली, “आज पानागोस झोपेल.”

“का गं? मी काय वाईट मरतो?”

“तो समोर असला की मला खोटं गाता येणार नाही.”

बाईंनी दालनाची किल्ली तिच्यापुढे धरली. तिने हात मागे घेतला. “किल्ली नको, बाई. मिनासला द्या.” आणि तिची नजर पानागोसवरून फिरली.

गेल्या उन्हाळ्यात देवीच्या जत्रेहून परतताना तिचा भाऊ ल्याकोस गेला. समुद्रकाठच्या वळणावर मोटारसायकल खाली कोसळली. बरोबर पानागोस होता, तो वाचला. पोलिसांना त्याने सांगितलं, गाडी ल्याकोस चालवत होता.

खरं उलटं होतं. दारू पानागोस प्यायला होता, आणि किल्लीही त्यानेच हट्टाने मागून घेतली होती. ल्याकोस मागे बसून गाणं म्हणत होता. गावाने मात्र मेलेल्याला नावं ठेवली. प्यायला नि स्वतःच्या हाताने मेला, म्हणाले. बापाने मुलाचा फोटोसुद्धा भिंतीवर लावला नाही. पानागोस हे सगळं बघत होता. तोंड उघडलं तर तुरुंग, आणि जिथे लहानपणापासून जेवला त्या ल्याकोसच्या घराचा उंबरा कायमचा बंद. म्हणून तो गप्प होता.

“सुरू करा,” बाई म्हणाल्या.

त्याने डोळे मिटले. छातीवर सब्जाची डहाळी आली, तिचा वास नाकात गेला. बाहेर रातकिड्यांसारखे उन्हाळी किडे किरकिरत होते. स्तावरियानी उशाशी बसली आणि हलक्या आवाजात तिने सूर धरला.

*माझ्या अंगणीचा सरू, वाऱ्यालाही ना लवला,*
*आज कोणी गं घावाने, असा आडवा निजवला…*

त्यांच्या डोंगरातल्या विलापाला क्रम असतो. आधी गेलेल्याचं कौतुक. मग त्याची शेवटची वाट. सगळ्यात शेवटी नावाचं कडवं. ज्याच्यामुळे माणूस गेला त्याचं नाव चारचौघांत, प्रेताच्या उशाशी घ्यायचं. तिथे खोटं गात नाहीत. थालियाबाई अथेन्सच्या, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पानागोसला मात्र पाळण्यातल्या गाण्यांइतकं ते ठाऊक होतं.

*गेला देवीच्या जत्रेला, गेला हसत खेळत,*
*वाट समुद्राकाठची, तिथे राहिली वळत…*

गोष्टीतला मुलगा बंदुकीने मेला होता. त्यात ना जत्रा होती, ना समुद्र.

तिचे गार हात त्याच्या बांधलेल्या मनगटांवर आले.

“हलू नकोस,” ती त्याच्या कानाशी पुटपुटली. “आज मी सांगणार आहे.”

तिला कळलंय, त्याला वाटलं. म्हणूनच मला झोपवलं. म्हणूनच हातपाय बांधले. सकाळी किल्ली नाकारली ती उगाच नाही. फिती सोडवून पळायलाही आता वेळ नव्हता.

तिचा आवाज चढला.

*दोघे गेले एका वाटे, एक आला माघारी,*
*आता नाव घेते इथे, ऐका सारे शेजारी,*
*ज्या हातात होती किल्ली, त्या हाताचं…*

पानागोस ताडकन उठून बसला. डहाळी खाली पडली. जबडा बांधलेला असल्यामुळे शब्द चेंगरून बाहेर आले.

“मी चालवत होतो! गाडी मी चालवत होतो. तो मागे बसला होता. त्याने थेंबही घेतला नव्हता. मी खोटं बोललो, सगळ्यांशी.”

थालियाबाईंनी कडाडून टाळी वाजवली.

“बास! प्रेतच बोलतं! पोरांनो, हाच आपला शेवट. कुठून सुचलं रे तुला?”

खिडकीतला मिनास हसला नाही. पानागोस मात्र हसू शकला असता. सुचलं असंच, बाई, एवढंच म्हणायचं होतं. ओठ तसे वळलेही होते. मग त्याने स्तावरियानीकडे पाहिलं.

ज्या रागाची तो वर्षभर वाट पाहत होता, तो तिच्या चेहऱ्यावर नव्हता. वाटेत कुणी अनोळखी माणसाने हाक मारल्यावर बघावं, तशी ती त्याच्याकडे बघत होती.

“आणि तू गं?” बाईंनी उत्साहाने विचारलं. “तू कुणाचं नाव घेणार होतीस?”

स्तावरियानीचे हात अजून त्याच्या मनगटांवर होते. तिने ते सावकाश काढून घेतले.

“माझं,” ती म्हणाली. “बाबांनी गाडीची किल्ली लपवून ठेवली होती. त्या संध्याकाळी ती ल्याकोसला मी शोधून दिली.”