ओले पाय

तळमजल्यावर थांबलेल्या लिफ्टमध्ये गुडघाभर गटाराचं पाणी तुंबलं होतं. मेकॅनिक वायंगणकर आत शिरले आणि कुणाचं तरी डायपर त्यांच्या पोटरीला येऊन चिकटलं.

“वादळाच्या आधी फोन केला होता ना मी? लिफ्ट वरच्या मजल्यावरच थांबवा म्हणून?”

“मीटिंग घेतली हो,” सेक्रेटरी म्हणाले. “पहिला मजला म्हणाला, सगळी बिल्डिंग ओल्या पायांनी आमच्या दारात नको. दुसरा तेच म्हणाला, तिसराही. मग राहिली खालीच.”

वायंगणकरांना पाण्यापेक्षा या माणसांची जास्त किळस आली. ते गच्चीवरच्या मशीनरूमकडे जिन्याने निघाले. वाटेत पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मजल्यावर दिसेल त्या पायपुसण्यावर त्यांनी पाय सावकाश, स्वच्छ पुसले.