काडतुसांचं मशीन

संजयने मशीनची गोल प्लेट उचलली आणि तिच्याखाली तांदळाचा दाणा निघाला. अर्धा चिरडलेला, तेलाने काळा पडलेला, पण एका कडेला कुंकवाचा लाल रंग अजून शाबूत.

चँडलर शहरातल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये तो सकाळपासून हे काडतुसं भरायचं मशीन खोलून बसला होता. मशीन त्याच्या मुलाचं, ईशानचं. दुपारी शेजारच्या मेसा गावाहून एक गृहस्थ ते न्यायला येणार होते, फुकट. आता फुकट द्यायच्या वस्तूला कोण एवढं घासत बसतं? पण संजयचा सगळा जन्म कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात मशिनं सरळ करण्यात गेलेला. वाकडं मशीन दाराबाहेर गेलं तर त्याला रात्री झोप लागली नसती. त्याने एकेक भाग पुसला, तेल दिलं, प्लेटच्या खाचा वरच्या साच्यांच्या बरोब्बर खाली येतात का ते भिंग लावून पाहिलं. येत होत्या. मशीन इतकं सरळ, मग त्यातून भलतं काडतूस निघालं कसं, या विचाराने तो चक्रावला होता, आणि म्हणून त्याने प्लेट काढली.

ईशान समोर फोल्डिंगच्या खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर, बँडेजमध्ये. अंगठा आणि दोन बोटं गेली होती. दातांचा डॉक्टर होता तो. त्या हातात आता त्याचा स्वतःचा टूथब्रशही राहत नव्हता.

मशीन तसं साधं. लिव्हर ओढला की प्लेट एक घर पुढे सरकते. एका घरात रिकाम्या पुंगळीत बंदुकीची दारू पडते, पुढच्या घरात वर गोळी बसते. प्लेट सरकलीच नाही आणि लिव्हर पुन्हा ओढला, तर त्याच पुंगळीत दुप्पट दारू. असं काडतूस नेमबाजीच्या रेंजवर पिस्तुलात फुटलं की पिस्तूलही जातं आणि हातही.

"फोन आला म्हणून लक्ष नव्हतं, लिव्हर दोनदा ओढला, असं सांगितलं होतंस तू," संजय म्हणाला. दाणा त्याच्या तळहातावर होता.

ईशानने दाण्याकडे पाहिलं. "कुठला फोन, बाबा."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"प्लेट अडकली होती. खाली एक दाणा दिसला, तो काढला आणि लिव्हर परत मारला. आय थॉट, एकच असेल." त्याने आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आईला सांगू नको, प्लीज. ती जगणार नाही."

खंडेनवमीला शोभना घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करते. मिक्सर, लॅपटॉप, दोन्ही गाड्या. बंदुकीचा तिला मनस्वी तिटकारा. ईशान रेंजवर गेला की तो परत येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. म्हणूनच यंदा ती कुणाला न सांगता गॅरेजमध्ये आली होती आणि मिक्सरवर चार अक्षता टाकल्या तर इथे चांगल्या मूठभर टाकल्या होत्या. मशीनवरचं वाळलेलं कुंकू संजयनेच सकाळी पुसलं होतं. पुसताना त्याला बायकोचं कौतुकही वाटलं होतं.

अपघातापासून शोभना रोज त्या फोनला शिव्या घालत होती. ईशान मान खाली घालून ऐकून घ्यायचा. संजयही एकदा त्याला नको ते बोलला होता. आता ते सगळं आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाणा कचऱ्यात टाकवेना, म्हणून त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला. मग प्लेट बसवली, स्क्रू आवळले, लिव्हर ओढून पाहिला. प्लेट अगदी लोण्यासारखी फिरली.

तेवढ्यात आतलं दार उघडून शोभना आली. हातात वाटी.

"अहो, झालं का? त्यांचा ट्रक आलाय बाहेर." तिने मशीनकडे पाहिलं. "केवढं लख्ख केलंत हो."

ती ईशानजवळ गेली, त्याच्या केसांतून हात फिरवला. "फार राग आला होता मला या मशीनचा. पण नंतर म्हटलं, असं करू नये. डोळा थोडक्यात वाचला, डॉक्टर म्हणाले ना? जिवावर बेतलं होतं, ते बोटांवर निभावलं. का, माहितीये? खंडेनवमीला मी याची पूजा केली होती. तुम्हाला दोघांना बोलले नव्हते, हसाल म्हणून."

अपघातानंतर ती पहिल्यांदाच हसत होती.

संजयने तोंड उघडलं. ईशानने त्याच्याकडे बघून मान हलवली, नको. संजयने फडकं उचलून लिव्हर पुन्हा पुसला. काय बोलणार होता तो तरी? बोलला तर बायको हातची जाणार होती, आणि बोलून मुलाची बोटं काही परत येणार नव्हती.

शोभनाने वाटीतून मूठभर अक्षता घेतल्या आणि मशीनवर टाकल्या. तेल दिलेल्या प्लेटवर त्या घरंगळल्या, काही वर चिकटल्या, बाकीच्या खाचांमधून आत गेल्या. तिने हात जोडले.

"ज्यांच्या घरी जाशील त्यांनाही असंच सांभाळ रे बाबा."

मग तिने पदराला हात पुसले. "मी त्यांना चहा विचारते, तोवर तुम्ही हे बाहेर काढा," म्हणाली आणि बाजूच्या दाराने ड्राइव्हवेवर गेली. बाहेर ती कुणाला तरी हॅलो म्हणाली.

"बाबा," ईशान म्हणाला, "परत खोल."