बंदरावर गेलेले पाय

“सांगून कोणाला पटणार नाही,” मांड्यांवरच्या पट्ट्या थोपटत नारूकाका खोत म्हणाले, तसे दवाखान्याच्या व्यायामकक्षातले सगळे दमेकरी खुर्च्या सरकवत जवळ आले.

चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवून काकांची छाती निकामी झाली होती. चार पावलांत धाप लागायची. चालणं सुटलं, पायांच्या काड्या झाल्या. खुर्चीतून उठायला काकूंचा हात लागायचा, आणि काकूंची कंबर आता कुरकुरू लागली होती. पायांत जोर यावा म्हणून काका महिनाभर इथं मांड्यांना त्या पट्ट्यांतून मशीनचा हलका करंट घेत होते.

“परवा या व्यायामाच्या मॅडमनी मशीनचं बटण पिरगाळलं मात्र, माझे पाय मला खुर्चीतच सोडून निघाले! थेट बंदरावर गेले, घासाघीस करून बांगडे घेतले—”

“घासाघीस कुठल्या तोंडानं केली?” शेजारच्यानं विचारलं.

“तोंड कशाला? लाथ उगारली की भाव उतरतो! अशी!” दाखवायला काका ताडकन उभे राहिले.

 मागे उभ्या काकूंनी आधाराला पुढे केलेला हात तसाच राहिला. काका क्षणभर गांगरले, मग ऐटीत म्हणाले, “बघा! करंटनं उभं केलं!”

“थापा पुरे!” काकू खुदकन हसल्या. “मशीन मॅडमनी मघाशीच बंद केलंय. चालू तुम्हीच आहात!”